अळंबीचा ठराव आणि अकरा गुंठ्यांचा हिशोब



चातुर्मास लागला की आपल्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. एक प्रवचनाच्या वेळांचे आणि दुसरे काय खावं, काय खाऊ नये याचे. दोन्ही मी आवडीने वाचते. पण यंदा एक तिसराच मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा, की वेल्हे-भोरकडच्या ज्या बायका पावसाळ्यात अळंबी विकतात, त्यांच्याकडून आपण जैन बायकांनी कुठलीच भाजी घेऊ नये, त्यांना सोसायटीच्या फाटकातून आत येऊ देऊ नये, आणि आपापल्या महिला मंडळात तसा ठराव करावा. कारण काय, तर त्यांच्या पाटीला अनंतकायाचा स्पर्श झालेला असतो आणि तो पैसा पापाचा असतो.

मेसेजखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. मी हात जोडले नाहीत. मी या ठरावाच्या विरुद्ध आहे, आणि का आहे ते आज सविस्तर लिहिते.

आधी माझी बाजू स्वच्छ करते, म्हणजे कोणी अर्धंच वाचून "या आता अळंबी खायला सांगतात" असं म्हणायला नको. अळंबी अभक्ष्य आहे. माझ्या घरात ती कधी शिजली नाही आणि शिजणार नाही. २२ अभक्ष्यांत अनंतकाय येतं आणि ३२ अनंतकायांच्या यादीत भुईफोड म्हणजे छत्राक आहेच. एका शरीरात अनंत जीव, ही आपली समजूत आहे. संप्रदाय कुठलाही असो, स्थानकात जाणारी असो की मंदिरात, याबाबतीत आपल्यात मतभेद नाही.

घरातल्या सुना-मुलींना वाटतं की मश्रूम "व्हेज" आहे, हॉटेलच्या कार्डावर हिरवा ठिपका असतो, मग अडचण काय? त्यांनाही सांगते. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की त्यात मांस-अंडं नाही. तो सरकारचा ठिपका आहे, आपल्या आगमांचा नाही. हॉटेलातलं पांढरं बटण मश्रूम सडवलेल्या गव्हाच्या काडावर वाढवतात, आणि त्या खतात बहुधा कोंबडीची विष्ठाही मिसळलेली असते. हिमाचलच्या सोलनमध्ये या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे, तिथली मंडळी हे लपवत नाहीत. आपणच विचारत नाही.

आणि आता लग्नांमध्ये नवीन शोभा आली आहे, गुच्छीचा पुलाव. गुच्छी हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडच्या डोंगरात बर्फ वितळल्यावर उगवते. तिची शेती आपल्याकडे अजून नावापुरतीच, म्हणून तिथल्या बायका-मुलं दिवसदिवस देवदाराच्या रानात वाकून शोधतात, दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवतात. वाळून वजन अगदी थोडं उरतं, त्यामुळे किलोचा भाव हजारोंच्या घरात जातो. तिकडे म्हणतात की वीज कडाडली की गुच्छी फुटते, आपल्या मावळातही अळंबीबद्दल असंच म्हणतात. एका समारंभात मला सांगितलं गेलं, "काकू, ही मश्रूम नाही हो, पहाडी वनस्पती आहे, विजेपासून होते." विजेपासून होत नाही. तीही बुरशीचंच फळ आहे. जाळीदार दिसते आणि महाग आहे म्हणून तिचा अनंतकाय माफ होत नाही. ज्या मंडपात गुच्छी वाढली जाते, त्याच मंडपातल्या पाहुण्यांनी वेल्ह्याच्या बाईच्या पाटीवर ठराव करावा, हे मला तरी पचत नाही.

आता ज्या अळंबीवरून एवढं चाललं आहे ती नीट समजून घेऊ. विरोध करायचा तर निदान वस्तू माहीत असावी.

वेल्हे तालुका, आता त्याला राजगड तालुका म्हणायचं, तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याचा. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस थांबत नाही. त्या दिवसांत रानात वारुळांच्या आसपास जी मोठी अळंबी उगवते ती वाळवीच्या जिवावर उगवते. वाळवी वाळका पाला, काटक्या जमिनीखाली नेते, चावून त्यांचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मऊ करते आणि मग वाळवी तो खाते. एक प्रकारे वाळवीची ती शेतीच आहे. पाऊस लागला की त्या भूमिगत शेतातून लांब देठ वर येतो आणि जमिनीवर छत्री उघडते. माणसाला ही अळंबी अजून शेडमध्ये पिकवता आलेली नाही, कारण वाळवीशिवाय ती धरत नाही.

म्हणून वारूळ शाबूत असेल तर दरवर्षी साधारण त्याच जागी अळंबी येते. गावातल्या बायकांना त्या जागा ठाऊक असतात. सासू सुनेला दाखवते. त्या वरची छत्री देठासकट हलकेच काढतात आणि वारुळाला हात लावत नाहीत. वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षी काही नाही, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. शिवाय आपल्याकडे वारूळ म्हणजे नागोबाचं घर, नागपंचमीला त्याची पूजा होते. ती श्रद्धा आपली नसेल, पण तिच्यामुळे किती वारुळं वाचली असतील याचा विचार करा.

गोव्यात याच जातीच्या अळंबीला अळमी म्हणतात. तिथे ती इतकी महाग झाली की रानं ओरबाडली जाऊ लागली. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी या अळम्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि रानातली अळमी जपा असं लोकांना सांगत राहिले. म्हणजे गोळा करण्यातही मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. मी गोळा करणाऱ्यांना संत ठरवायला निघालेली नाही. मी एवढंच विचारते आहे, की त्यांचं पाप मोजणाऱ्या आपल्या तराजूची दुसरी पारडी कुठे गेली?

आपल्याकडे जांभळाच्या झाडाची गोष्ट आहे. लहानपणी पाठशाळेत सगळ्यांनी ऐकलेली. सहा भुकेली माणसं झाडाजवळ येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठी फांदी तोडू, तिसरा लहान फांदी, चौथा घोस, पाचवा म्हणतो फक्त पिकलेली फळं तोडू, आणि सहावा म्हणतो खाली पडलेली वेचू. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतच्या या सहा पायऱ्या. भूक सगळ्यांची सारखी, खाणं सगळ्यांचं तेच. फरक आहे तो किती मोडायचं याचा.

या गोष्टीत वेल्ह्याच्या बाईला बसवून पाहा. ती मे महिन्यात जांभळं-करवंदं आणते, पावसात करटुली आणते, कुर्डू-टाकळा-भारंगी आणते. पालेभाजी आपण चातुर्मासात घेत नाही, ती इतर लोक घेतात. ती झाड तोडत नाही. वारूळ फोडत नाही. तिची पायरी कितवी ते तुम्ही ठरवा. आणि मग आपली पायरी शोधा.

आता आपल्या पायरीकडे येते.

माझं सगळं संसाराचं आयुष्य भोरला गेलं. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. मी बी.कॉम. झालेली म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी रोजमेळ आणि खतावणी माझ्याकडे आली. त्यामुळे एक सवय लागली, की कोणी एक बाजू दाखवली तर मी दुसरी बाजू मागते. नावे दाखवलं तर जमा कुठे आहे?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुण्याहून वेल्ह्याकडे जाताना काय दिसतं? पाट्या. "निसर्गाच्या कुशीत अकरा गुंठे", "किल्ल्याचा नजारा", "धरणाचा नजारा". आपल्या ओळखीच्या किती घरांनी तिथे जागा घेतली आहे, मोजा. मी नावं घेणार नाही, माझ्या नात्यातही आहेत. अकरा गुंठे म्हणजे सुमारे बारा हजार चौरस फूट. त्यात बंगला बांधायचा तर उतार सपाट करावा लागतो. मग जेसीबी येतो. कारवी, आंजणी, उक्षी यांची झुडपं मुळासकट निघतात. वारुळं एका दातात उलटी होतात. मग विंधन विहीर, कुंपण, पेव्हर ब्लॉक आणि बाहेरून आणलेलं गवताचं लॉन. पहिल्या पावसात मुरूम खाली ओढ्यात जातो.

मैत्रिणींनो, आता आपल्याच शास्त्राने हिशोब करू. अळंबी एकेंद्रिय, स्थावर जीव, अनंतकाय. ते पाप मी कमी लेखत नाही. पण वाळवी त्रींद्रिय आहे. मुंगी, ढेकूण, वाळवी, हे सगळे तेइंद्रिय. एकेंद्रियाला चार प्राण, तेइंद्रियाला सात. श्रावकाचं पहिलं अणुव्रत सगळ्यात आधी कशाबद्दल आहे? त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेबद्दल. स्थावरांची मर्यादा करायची, त्रसांची हिंसा जाणून-बुजून करायची नाही. एका वारुळात वाळवी हजारोंनी, मोठ्या वारुळात लाखोंनी असते. जेसीबीचा एक दात पडला की किती गेले? वर आसपासचे गांडूळ, गोगलगायी, बेडूक, त्यांची अंडी. आणि अनंतकायच मोजायचे असतील, तर त्या ओल्या मातीतलं शेवाळ, बुरशी, कंद हे सगळं तिथेही मेलंच की. अळंबी खाणाऱ्या बाईने छत्री नेली. आपण छत्रीसकट शेत, शेतकरी आणि घर नेलं.

"आम्ही कुठे मारलं, जेसीबीवाल्याने केलं," असं म्हणू नका. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तिन्ही आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो. चेक कोणी फाडला?

आता सातव्या व्रताकडे या, उपभोग-परिभोग परिमाण. ताटातल्या वस्तूंची मर्यादा आपण याच व्रतात घेतो. २२ अभक्ष्यांचा त्यागही आपण याच व्रताला जोडतो. पण याच व्रताचा दुसरा भाग आहे, तो आपण भराभर म्हणून टाकतो. तो म्हणजे १५ कर्मादान, श्रावकाने करू नयेत असे धंदे आणि कामं. त्यात काय काय आहे? वनकर्म, म्हणजे रान तोडणं. फोडीकर्म, म्हणजे जमीन फोडणं-खोदणं. दवदान, म्हणजे रानाला आग लावणं. सरोवर-तळी आटवणं. हे सगळं उपासकदशांगसूत्रात आनंद श्रावकाच्या प्रसंगात सांगितलेलं आहे. तेव्हा जेसीबी नव्हता, प्लॉटिंगच्या पाट्या नव्हत्या. तरी यादी वाचताना मला वेल्ह्याचा रस्ताच दिसतो.

एकाच व्रताची अर्धी ओळ ताटाला लावायची आणि उरलेली अर्धी जमिनीच्या व्यवहाराला लावायची नाही, याला हिशोबाच्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला बी.कॉम. लागत नाही.

पाचवं व्रत आणखी स्पष्ट आहे. परिग्रहाच्या मर्यादेत पहिलं नाव क्षेत्र-वास्तूचं, म्हणजे जमीन आणि घरांचं. सोनं-चांदी नंतर येतं. आपल्यापैकी किती जणींच्या घरी मर्यादेच्या वहीत लिहिलं आहे की "राहतं घर आणि दुकान, याउपर जमीन नाही"? बटाट्याचा नियम घेणाऱ्या शंभर भेटतील. प्लॉटचा नियम घेणारी मला एक दाखवा, मी तिच्या पाया पडेन.

यावर मला जी उत्तरं मिळाली तीही लिहिते.

पहिलं उत्तर, "आम्ही तिथे झाडं लावली." लावली असतील. पाम आणि गुलमोहर लावून कारवीचा डोंगर परत येत नाही. आणि झाडं लावायला आधी रान काढायची काय गरज होती?

दुसरं, "गावातल्या लोकांना रोजगार मिळाला." ज्याची जमीन होती तो आता त्याच जमिनीवर वॉचमन आहे. काहींना खरंच काम मिळालं, ते मी नाकारत नाही. पण ज्या बाईचं रान कुंपणाआड गेलं तिला त्या कुंपणाने काय दिलं? वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्यात रानावर जगणाऱ्यांचा गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मानला आहे. कायद्याने तिला रानात हक्क दिला, आणि आपण ठराव करून तिच्या पाटीचं गिऱ्हाईक काढून घ्यायचं?

तिसरं उत्तर, "सगळं कायदेशीर आहे." असेल. पश्चिम घाटावर माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ साली. २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राचे मसुदे निघत आले. त्यातल्या एकेका गावावर, एकेका अटीवर वाद झाले. कायदा जिथे अजून घुटमळतो आहे तिथे आपलं व्रत पुढे असायला हवं. रात्रिभोजन कायदेशीरच आहे, तरी आपण सोडतो ना?

चौथं उत्तर सगळ्यांत गंभीर, आणि ठराव त्यावरच उभा आहे: पाटीचा स्पर्श. आमच्याकडे करटुली घेऊन येणाऱ्या मावशींना मी हा मेसेज सांगितला. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमी खात न्हाई ते ठाव हाय मला. तुमच्यासाठी करटुली मी येगळ्या पाटीत आणती, पळसाच्या पानात. अळंबी दुसऱ्या डोईवर असती. माझ्या समद्या पाटीला कशाला बाट लावता?" इतकी वर्षं त्या आपल्या नियमाचा मान राखून वेगळी पाटी आणतात, हे आपल्यापैकी कितीजणींनी लक्षात घेतलं होतं? आणि ज्या मॉलमधून आपण भेंडी आणतो तिथे त्याच थंड कपाटात, दोन हातांवर मश्रूमचा डबा असतो. अंडी तर शेजारीच. मॉलच्या बहिष्काराचा मेसेज मला आलेला नाही.

या ठरावाने नुकसान कोणाचं होईल तेही पाहा. मावशींना अळंबीचं गिऱ्हाईक आपण कधीच नव्हतो. अळंबी घ्यायला पुण्याचे लोक रस्त्यात गाड्या थांबवतात आणि दुप्पट भाव देतात. आपण घेतो करटुली, जांभळं, करवंदं, हातसडीचा इंद्रायणी. ते बंद झालं की त्यांना उरेल ती फक्त अळंबी. म्हणजे आपला ठराव त्यांना अळंबीकडेच ढकलणार. पाप कमी करायला निघून वाढवायचं, हा कसला धर्म?

आणखी एक गोष्ट. आपलं तप रानातून गोळा करणाऱ्या हातांवर चालतं, हे आपण विसरलो आहोत. हिरडा, बेहडा, त्रिफळा, काडेकिराईत आपल्या अणाहारी वस्तूंत आहेत. पाणी अचित्त करायला त्रिफळा वापरणारी घरं आहेत. हा हिरडा कोण गोळा करतं? जुन्नर-आंबेगावकडचे आदिवासी. त्यांच्या घरीही पावसात अळंबी शिजते. उद्या त्यांचा हिरडा परत पाठवणार आहोत का?

आता खरा विरोध कशाला करायला हवा ते सांगते. गेली काही वर्षं पावसाळ्यात शहरातून पैसे घेऊन "रानात चला, मश्रूम शोधा" अशा सहली निघतात. त्यात आपली मुलंही जातात. "खाणार नाही गं आई, फक्त फोटो." आठव्या व्रतात याला नाव आहे, अनर्थदंड. गरजेशिवाय केलेली हिंसा. मावशी पोटासाठी तोडतात तो अर्थदंड. पोटाला काही नको असताना हौसेसाठी तोडतात तो अनर्थदंड. दोन्ही पाप, पण आपल्याच आचार्यांनी दोन्हींत फरक केला आहे.

शिवाय जिवाला धोका. विषारी छत्र्या चांगल्या छत्र्यांसारख्याच दिसू शकतात. काहींचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग जरा बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. चांदीचं नाणं काळं पडतं का पाहा, लसूण टाकून पाहा, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी मश्रूम खाऊन किमान १३ माणसं गेली, बहुतेक चहाच्या मळ्यांतली गरीब कुटुंबं. गुच्छीसुद्धा कच्ची किंवा अर्धवट शिजली तर बाधते. २०२३ साली अमेरिकेत मोंटाना राज्यात एका हॉटेलात तिच्याच जातीच्या मश्रूममुळे ५१ जण आजारी पडले आणि दोघं दगावले.

आपल्या २२ अभक्ष्यांत "अज्ञात फळ" वेगळं सांगितलं आहे, ते उगाच नाही. वंकचूलाची कथा आठवा. चोरांचा म्होरक्या, पण मुनींकडून नियम घेतला की अनोळखी फळ खाणार नाही. रानात भुकेने सोबत्यांनी सुंदर फळं खाल्ली आणि मेले. हा एका नियमामुळे वाचला. ही कथा मुलांना सांगा आणि मग त्यांना सहलीला पाठवायचं का ते ठरवा.

आणि सहलीवरून आठवलं. चातुर्मासात साधु-साध्वी चार महिने एका गावी का थांबतात? जमीन जिवांनी भरलेली असते म्हणून. आणि आपण? सकाळी सामायिक करून, डब्यात ठेपले भरून, दोन गाड्या काढून पानशेतला नाहीतर मढे घाटात. ताटात अळंबी नाही म्हणून आपण निर्धास्त. चाकाखाली काय गेलं ते कोण पाहतो? त्याच पानशेतचं पाणी खडकवासल्यातून पुण्यात येतं आणि आपण ते घरी गाळून पितो. गाळायलाच हवं. पण त्याच्या उगमाचा डोंगर पोखरायचा आणि इकडे गरणं दुहेरी करायचं, यात मला मेळ दिसत नाही.

एक भगिनी म्हणाली, "ताई, तुम्ही स्वतःच्याच समाजाला का बोलता?" कारण ठराव माझ्या समाजात येतो आहे. आणि कारण मला आपल्या नियमांची लाज वाटत नाही, मला त्यांचा अभिमान आहे. जगात दुसऱ्या कोणत्या परंपरेने वाळवीच्या इंद्रियांची गणती केली आहे? इतकं बारीक पाहणारा धर्म हाती असताना आपण तो फक्त भाजीवालीवर वापरावा, हे त्या धर्माला कमी करणं आहे.

म्हणून येत्या पर्युषणाच्या, दशलक्षणाच्या आधी ज्या मंडळात हा विषय निघेल तिथे माझ्या वतीने हे पाच मुद्दे ठेवा.

एक, अळंबी, बटण मश्रूम, गुच्छी घरात नाही आणि समारंभातही नाही. केटररला लेखी सांगायचं.

दोन, रानातून भाजी-फळं आणणाऱ्या बायकांकडून आपल्याला चालणाऱ्या वस्तू आवर्जून घ्यायच्या, घासाघीस न करता.

तीन, या चातुर्मासात प्रत्येकीने घरी बसून क्षेत्र-वास्तूची मर्यादा वहीत लिहायची, आणि ती लिहिताना नवऱ्याला शेजारी बसवायचं.

चार, ज्यांची डोंगरात जागा आधीच आहे त्यांनी यापुढे उतार कापायचा नाही, वारूळ फोडायचं नाही, गवत पेटवायचं नाही, आणि गावातल्या बायकांची पायवाट कुंपणाने अडवायची नाही.

पाच, चातुर्मासात हौसेची घाटसहल बंद.

ठराव करायचाच असेल तर हा करा. मांडायला कोणी तयार नसेल तर मी मांडते, अनुमोदन तेवढं तुमचं द्या. आणि मावशी परवा येतील तेव्हा अर्धा किलो करटुली जास्त घ्या. उडीद डाळीच्या फोडणीत, कांदा-लसूण न घालता, वरून ओलं खोबरं घातलं की फार छान लागतात.

जय जिनेंद्र.